पावाच्या गाडीचं इंजिन

अमेरिकेत पाव, बिस्किटं आणि बटाट्याचे वेफर्स दुकानोदुकानी पोचवणाऱ्या गाड्या एका ठरावीक घाटाच्या असतात. चौकोनी पत्र्याचं अंग, सरकतं दार आणि आत माणसाला ताठ उभं राहता येईल एवढी उंची. पहाटे निघायचं, दर काही मिनिटांनी थांबायचं, माल उतरवताना इंजिन बहुधा चालूच ठेवायचं, दुपारी परत यायचं. गेल्या शतकाच्या अखेरच्या वर्षांत अशा पुष्कळ गाड्यांमध्ये कमिन्स कंपनीचं चार सिलिंडरचं, ३.९ लिटरचं डिझेल इंजिन असे. त्याचं नाव ४-बीटी. कालांतराने गाडीची चेसी गंजते, दारं निखळतात, कंपनी नवी गाडी घेते आणि जुनी भंगारात जाते. इंजिन मात्र अजून धडधाकट असतं. अशी कितीतरी इंजिनं पुढे लष्कराच्या जुन्या ट्रकमध्ये बसली.

हा ट्रक म्हणजे डॉज एम-३७. कोरियाच्या युद्धाच्या काळात, १९५१ मध्ये तो अमेरिकी सैन्यात दाखल झाला आणि १९६८ पर्यंत लाखाच्या वर तयार झाला. पाऊण टन माल, चारही चाकांना ताकद, ताडपत्रीचं छप्पर, पुढे आडवी पडणारी काच. स्वतःचं वजन अडीच टनांच्या आसपास. त्याची चेसी आणि हाउसिंग, म्हणजे अ‍ॅक्सलची कवचं, इतकी दणकट की सत्तर वर्षांनंतरही शेतावर आणि जंगलात हे ट्रक राबताना दिसतात. उणीव एकच. बॉनेटखाली ३.८ लिटरचं, सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन आहे आणि त्याची रचना थेट १९३० च्या दशकातली आहे. व्हॉल्व्ह डोक्यावर नसून सिलिंडरच्या बाजूला, ताकद ७८ अश्वशक्ती. २४ गॅलनच्या टाकीवर हा ट्रक जेमतेम सव्वादोनशे मैल जातो. म्हणजे लिटरला चार किलोमीटरसुद्धा नाही. सरकार पेट्रोल भरत होतं तोवर ठीक होतं. लिलावात ट्रक घेणाऱ्या शेतकऱ्याला ते परवडणारं नव्हतं.

४-बीटी हे १०५ अश्वशक्तीचं इंजिन आहे. आकडा फार मोठा वाटत नाही, पण फिरवण्याची ताकद, ज्याला टॉर्क म्हणतात, ती जुन्या पेट्रोल इंजिनाच्या जवळजवळ दीडपट, आणि तीही मिनिटाला जेमतेम १,६०० फेऱ्यांवर हाती येते. चिखलातून ट्रक काढायचा असेल तर अश्वशक्तीपेक्षा हीच उपयोगी पडते. शिवाय लांबीला हे इंजिन आखूड, त्यामुळे सहा सिलिंडरच्या जागेत ऐसपैस बसतं. उंचीला मात्र जास्त आहे. टर्बो, फिल्टर आणि बॉनेट यांची रस्सीखेच प्रत्येकालाच सोडवावी लागते. याच कुळातलं सहा सिलिंडरचं ५.९ लिटरचं इंजिन १९८९ पासून डॉजच्याच पिकअपमध्ये येऊ लागलं आणि विलक्षण गाजलं. तेही एम-३७ मध्ये बसवणारे आहेत, पण त्यांना रेडिएटर पुढे सरकवावा लागतो किंवा केबिनची भिंत कापावी लागते. माझ्या मते या ट्रकला चार सिलिंडर पुरतात. सहाचा अट्टहास हौसेखातर.

भंगारातून इंजिन उचलताना पहिली परीक्षा नाकाकानांची. इंजिन चालू स्थितीत ऐकायला मिळालं तर तेल भरायचं झाकण उघडून पाहायचं. तिथून धुराचे लोट येत असतील, आपले मिस्तरी ज्याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात ते असेल, तर पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडर झिजले आहेत. आपल्याकडच्या अनेक ट्रक इंजिनांमध्ये अशा वेळी लायनर बदलून काम भागतं. या कमिन्समध्ये वेगळा लायनर नाही. सिलिंडर थेट ब्लॉकमध्येच कोरलेले असतात, त्यामुळे झीज झाली की ब्लॉक बोअरिंगला न्यावा लागतो. तेल दुधाळ झालं असेल तर पाणी मिसळलं आहे. टर्बोची पाती हाताने हलवून पाहायची. ती कडेला घासत असतील तर बेअरिंग गेलं.

इथे एक धोका आहे आणि तो गमतीवारी नेण्यासारखा नाही. पेट्रोल इंजिन ठिणगी तोडली की थांबतं. डिझेल इंजिनात ठिणगीच नाही. हवा दाबून तापते आणि इंधन आपोआप पेटतं. टर्बोचं सील गळत असेल तर इंजिनाचं स्वतःचं तेल हवेबरोबर आत ओढलं जातं आणि तेच इंधन म्हणून जळू लागतं. मग चावी बंद करा, डिझेलची नळी तोडा, इंजिन थांबत नाही. वेग वाढतच जातो आणि शेवटी कनेक्टिंग रॉड ब्लॉक फोडून बाहेर येऊ शकतो. म्हणून अनोळखी इंजिन पहिल्यांदा चालू करताना हवेच्या तोंडावर दाबून बसवता येईल अशी जाड फळी किंवा लोखंडी पत्रा जवळ ठेवतात. हवा तोडली की इंजिन विझतं. तळहात किंवा चिंधी लावायची नाही. टर्बो ती आत खेचतो.

याच कुळातल्या जुन्या इंजिनांची आणखी एक खोड आहे. पुढच्या बाजूला टायमिंग गिअरची पेटी नेमक्या जागी बसावी म्हणून एक छोटी पोलादी पिन ठोकलेली असते. वर्षानुवर्षांच्या हादऱ्यांनी ती सैल होऊन बाहेर येते आणि फिरत्या गिअरांमध्ये पडते. नशीब चांगलं असेल तर सरळ खाली तेलाच्या चेंबरमध्ये जाते, नसेल तर दाते तोडते नाहीतर अ‍ॅल्युमिनियमची पेटी फोडते. अमेरिकी मेकॅनिक तिला सरळ खुनी पिनच म्हणतात. इलाज अगदी स्वस्त. शेजारच्या बोल्टखाली पत्र्याची एक पट्टी अशी अडकवायची की पिनला बाहेर यायला वाटच उरू नये. इंजिन ट्रकमध्ये चढवण्याआधी हे काम एका दुपारचं आहे. चढवल्यावर रेडिएटर, पंखा आणि पुली सगळं उतरवावं लागतं.

आता या उद्योगाचा खरा गाभा. इंजिन आत बसलं, चालू झालं, म्हणजे काम झालं असं पाहणाऱ्याला वाटतं. पण ट्रक किती वेगाने धावेल हे एकटं इंजिन ठरवत नाही. इंजिनाच्या फेऱ्या, गिअरबॉक्समधली घट, हाउसिंगमधल्या क्राउन-पिनियनची घट आणि चाकाचा घेर, या चार आकड्यांचा तो हिशोब आहे.

एम-३७ च्या क्राउन-पिनियनचं प्रमाण ५.८३. म्हणजे प्रॉपेलर शाफ्ट ५.८३ वेळा फिरला की चाक एकदा फिरणार. चौथा गिअर थेट, म्हणजे इंजिनाची एक फेरी म्हणजे शाफ्टची एक फेरी. टायर ९.००-१६ मापाचे, एका फेरीत सुमारे २.८५ मीटर अंतर कापणारे. जुनं पेट्रोल इंजिन मिनिटाला ३,००० फेऱ्या घेऊ लागलं की ट्रक ताशी ८८ किलोमीटरवर पोचायचा आणि तीच त्याची कमाल होती. ४-बीटी मात्र साधारण २,५०० फेऱ्यांपर्यंतच फिरतं. पंपातला गव्हर्नर त्यापुढे इंधन वाढवत नाही. २,५०० ला ५.८३ ने भागा, २.८५ ने गुणा, तासाच्या साठ मिनिटांचा हिशोब लावा. उत्तर येतं ७३ किलोमीटर.

म्हणजे ताकदवान इंजिन बसवून ट्रक हळू झाला! नवख्या माणसाचा हिरमोड बहुतेक इथेच होतो. हजारो डॉलर, महिनोन् महिने गेले, आणि महामार्गावर मागचे ट्रक हॉर्न वाजवत पुढे निघून चाललेत.

उपाय तीन. गव्हर्नरची स्प्रिंग बदलून इंजिन जास्त फिरवणं हा सगळ्यात सोपा आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात वाईट. डिझेलची मजा कमी फेऱ्यांत आहे, ती घालवून कंपन आणि आवाज तेवढा पदरात पडतो. दुसरा, मोठे टायर. थोडा फरक पडतो, पण हाताने फिरवायचं स्टिअरिंग आणखी जड होतं. तिसरा उपाय खरा आणि त्यासाठीच इंजिनाबरोबर गिअरबॉक्सही बदलावा लागतो. १९९० च्या दशकातल्या अमेरिकी पिकअपमधला एनव्ही-४५०० हा लोखंडी अंगाचा पाच गिअरचा बॉक्स या कामी फार वापरला जातो. डॉजच्या डिझेल पिकअपमध्ये आलेल्या या बॉक्सचा पाचवा गिअर ०.७५ चा आहे. इंजिन पाऊण फेरी फिरतं तेव्हा शाफ्टची पूर्ण फेरी होते. त्याच २,५०० फेऱ्यांवर वेग ७३ वरून ९८ वर जातो, किंवा ७५-८० च्या चालीने जाताना इंजिन २,००० च्या आसपास शांतपणे फिरत राहतं. पहिला गिअर ५.६१ चा, त्यामुळे डोंगर चढायची ताकदही शाबूत.

पावाच्या गाडीबरोबर आलेला गिअरबॉक्स अनेकदा ऑटोमॅटिक असतो, तीन गिअरचा, ओव्हरड्राइव्ह, म्हणजे वरच्या पाचव्यासारखा एकाहून कमी प्रमाणाचा गिअर, नसलेला. शहरात थांबत-थांबत जायला तो उत्तम होता. इंजिन-गिअरबॉक्स जोडीने मिळाले म्हणून खूश होणाऱ्याने त्याच्या शेवटच्या गिअरचं प्रमाण आधी तपासायला हवं.

या ट्रकच्या रचनाकारांनी, नकळत का होईना, पुढच्या पिढ्यांवर एक उपकार करून ठेवला आहे. चारही चाकांना ताकद वाटून देणारा ट्रान्सफर केस गिअरबॉक्सला चिकटलेला नाही. तो चेसीवर स्वतंत्र बसतो आणि दोघांच्या मध्ये एक आखूड शाफ्ट असतो. त्यामुळे फोर-व्हील-ड्राइव्हचा दुर्मिळ, महाग गिअरबॉक्स शोधायची गरज पडत नाही. साधा टू-व्हील-ड्राइव्हचा बॉक्स चालतो, शाफ्ट तेवढा नव्या मापाचा करून घ्यायचा.

शाफ्ट करताना कोनाकडे डोळेझाक करून चालत नाही. युनिव्हर्सल जॉइंट वाकलेल्या स्थितीत फिरतो तेव्हा पुढचा शाफ्ट एकसारखा फिरत असला तरी मागचा प्रत्येक फेरीत दोनदा वेग घेतो आणि दोनदा मंदावतो. दोन्ही टोकांचे जॉइंट सारख्या कोनात आणि एकमेकांच्या रेषेत असतील तर पहिल्याचा दोष दुसरा खोडून काढतो. नसतील तर ट्रक ठरावीक वेगाला थरथरू लागतो आणि मालक बिचारा टायर बॅलन्स करत बसतो.

इंजिन आणि गिअरबॉक्स वेगवेगळ्या घराण्यातले असतील तर मध्ये एक जाड पट्टा, म्हणजे अ‍ॅडॅप्टर प्लेट, येते. बोल्टची भोकं जुळली की काम झालं असं वाटतं, पण गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट आणि इंजिनाचा क्रँकशाफ्ट एकाच अक्षावर यायला हवेत. त्यासाठी फ्लायव्हीलवर डायल गेज बसवून क्रँक हाताने फिरवतात आणि बेल हाउसिंगच्या भोकाची कड मोजतात. काट्याची एकूण हालचाल इंचाच्या पाच हजारांशांहून, म्हणजे सुमारे ०.१३ मिलिमीटरहून, जास्त नसावी. जास्त असेल तर क्लच नीट सुटत नाही, बेअरिंग लवकर ओरडू लागतं, गिअर आपोआप निसटतो. हे मोजमाप टाळणारे गॅरेजवाले तिकडेही आहेत, इकडेही.

चार मोठ्या सिलिंडरचं इंजिन हादरतं, याचं कारण मिस्तरीच्या हातात नसून भूमितीत आहे. कनेक्टिंग रॉड तिरपा होत असल्यामुळे पिस्टन वरच्या अर्ध्या प्रवासात जास्त झपाट्याने हलतो आणि खालच्या अर्ध्यात जरा सावकाश. चारपैकी दोन पिस्टन वर जाताना दोन खाली येतात, पण या फरकामुळे त्यांचे झटके पूर्ण कटत नाहीत. उरलेला झटका दर फेरीला दोनदा सगळ्या इंजिनाला वर-खाली हलवतो. सहा सिलिंडरच्या सरळ रांगेत हे झटके आपसात मिटतात. ४-बीटीमध्ये १०२ मिलिमीटर व्यासाचे तेच वजनदार पिस्टन आहेत आणि तोल साधणारे शाफ्ट नाहीत. म्हणून इंजिन ज्यावर टेकतं त्या फाउंडेशनला कडक रबर लावलं की आरसे धूसर दिसतात आणि डॅशबोर्डचे स्क्रू गळून पडतात. मऊ रबर लावलं की इंजिन बंद करताना ते मोठी उडी मारतं. पंख्याला, एक्झॉस्टला आणि क्लचच्या दांड्याला त्या उडीपुरती मोकळीक ठेवावी लागते. पुढचं हाउसिंग इंजिनाच्या खालीच असल्याने आणखी एक माप घ्यायचं. खड्ड्यात पाटे पूर्ण दबले की हाउसिंग वर येतं. चेंबर त्याला भिडता कामा नये. या इंजिनाचे चेंबर पुढे खोलगट आणि मागे खोलगट अशा दोन्ही प्रकारांत मिळतात, त्यातला जागेत बसेल तो निवडायचा.

विजेचा मामला थोडक्यात. लष्करी ट्रक २४ व्होल्टचा, पावाची गाडी १२ व्होल्टची. सेल्फ, ऑल्टरनेटर आणि पंपावरचा डिझेल तोडणारा सोलेनॉइड एकाच घराण्याचे हवेत, नाहीतर सोलेनॉइड जळतो आणि ट्रक रस्त्यात उभा. एम-३७ च्या जुन्या इंजिनाला ठिणगीची सगळी यंत्रणा पाण्यातून जाता यावं म्हणून बंदिस्त केलेली होती. डिझेल आलं की ती सगळी काढून टाकायची.

ब्रेकबद्दल मात्र थोडक्यात सांगून चालणार नाही. या ट्रकला चारही चाकांवर ड्रम ब्रेक आहेत आणि सगळ्यांना मिळून एकच मास्टर सिलिंडर. एका नळीतून तेल गळलं की चारही ब्रेक जातात. ७३ च्या वेगातला ट्रक ९८ वर नेला की थांबवताना जिरवावी लागणारी ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे जवळपास पावणेदोन पट होते. ड्रम तेवढेच. त्यात पेट्रोल इंजिन रेस सोडल्यावर हवा अडवून गाडी जी मागे खेचतं, तसं डिझेल खेचत नाही, कारण त्याच्या हवेच्या वाटेत झडपच नसते. लांब उतारावर हे चांगलंच जाणवतं. व्हॅक्यूम बूस्टर लावून ब्रेक हलके करायचे म्हटलं तर झडप नसल्यामुळे व्हॅक्यूमही नाही, त्यासाठी वेगळा पंप हवा. जाणकार मालक म्हणून दुहेरी मास्टर सिलिंडर बसवतात, निदान पुढच्या चाकांना डिस्क लावतात आणि मगच इंजिनाला हात घालतात. तोच क्रम योग्य आहे.

ताकद वाढली की सगळ्यात कमकुवत दुवा पुढे सरकतो. मूळ बॉक्सचा पहिला गिअर ६.४, ट्रान्सफर केसचा लो १.९६, क्राउन-पिनियन ५.८३. तिन्हींचा गुणाकार सत्तरच्या वर जातो. इंजिनाचा टॉर्क सत्तरपट होऊन हाउसिंगच्या आतल्या शाफ्टवर येतो. कोरड्या खडकात चाक अडकलं आणि पाय आवरला नाही, तर शाफ्ट सुतासारखा तुटतो.

हे सगळं फक्त हौशी लोकांचे उद्योग आहेत असं मानू नये. अमेरिकी सैन्याने स्वतःच हे केलं आहे. त्यांचा अडीच टनी एम-३५ हा ट्रक १९५० च्या सुमारास पेट्रोल इंजिनावर सुरू झाला. १९६० च्या दशकात त्यात कॉन्टिनेंटलचं ७.८ लिटरचं बहुइंधनी इंजिन आलं, जे डिझेलवर, विमानाच्या इंधनावर आणि गरज पडली तर पेट्रोलवरही चालायचं. त्यातली इंधन पिस्टनच्या खोलगट वाटीच्या भिंतीवर फवारायची युक्ती जर्मनीच्या मान कंपनीची. पुढे १९९० च्या दशकात यातल्या अनेक ट्रकचं आयुष्य वाढवायचं ठरलं, तेव्हा कॅटरपिलरचं नवं डिझेल, अ‍ॅलिसनचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणि दहा लहान टायरच्या जागी सहा मोठे टायर, असं सगळं एकदम बदललं गेलं. नुसतं इंजिन बदलून सैन्य थांबलं नाही, हे लक्षात घेण्यासारखं आहे.

कमिन्स इंजिनांच्या घराण्याशी आपलं नातं जुनं आहे. पुण्यात किर्लोस्कर कमिन्सची स्थापना १९६२ ची, पण ती मोठ्या इंजिनांसाठी. पावाच्या गाडीतल्या इंजिनाचं सहा सिलिंडरचं भावंड भारतात आलं ते टाटा कमिन्समार्फत. ही कंपनी १९९३ मध्ये झाली, पहिला कारखाना जमशेदपूरला, पुढचा सातारा जिल्ह्यात फलटणला. टाटांच्या असंख्य ट्रक-बसमध्ये तेच ५.९ लिटरचं इंजिन धावलं आहे. त्यामुळे आपल्याकडच्या महामार्गावरच्या कोणत्याही मिस्तरीला त्याच्या पोटातली पिन आणि पंप परका नाही.

आपल्याकडचा लिलावातला लाडका लष्करी वाहनप्रकार म्हणजे जोंगा. निस्सान पॅट्रोल या गाडीच्या आराखड्यावर जबलपूरला १९६९ पासून तीसेक वर्षं बनलेली, ३,९५६ सीसीच्या पेट्रोल इंजिनाची गाडी. तिचं पेट्रोलचं खाणं सोसेना म्हणून कितीतरी जोंगांमध्ये भंगारातली डिझेल इंजिनं बसली. गणित तेच. क्राउन-पिनियनचे दाते मोजा, टायरचा घेर मोजा, इंजिनाच्या कमाल फेऱ्या विचारा, मग गिअरबॉक्स ठरवा. पण भारतात त्याच्या आधी कायदा येतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट शब्दांत बजावलं आहे. अपघात झाला तर विमा कंपनी सगळ्यात आधी नोंदणी पुस्तिका आणि इंजिन नंबर ताडून पाहते. तेव्हा लिलावातली जोंगा पाहून हात शिवशिवत असतील तर पहिला अर्ज आरटीओकडे करा, लेखी उत्तर घ्या, आणि भंगार बाजाराची वाट त्यानंतर धरा.